मन्या, त्या "स्लीप्स १०" वर जाऊ नको

ठाणे, रविवार दुपार

अरे मन्या,

त्या कॅम्पिंगच्या ट्रेलरचे, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराचे, तू पाठवलेले सगळे फोटो बघितले, ती लांबलचक व्हॉइस नोट पण ऐकली (मधे वहिनी "आधी पार्किंगचं बघ" असं ओरडतेय ते पण ऐकू आलं, आणि ती बरोबर बोलतेय, त्यावर नंतर येतो). व्हॉट्सॲपवर उत्तर द्यायला बसलो तर अंगठा दुखायला लागला, म्हणून सरळ लॅपटॉप उघडला. घोडबंदर रोडचं ट्रॅफिक बघून बाहेर पडायचा विचार तसाही सोडलेला.

तू विचारलंयस की तो ३० फुटी, दोन स्लाइडवाला (स्लाइड म्हणजे बटणाने बाहेर सरकणारा खोलीचा भाग), "स्लीप्स १०" म्हणजे दहा जण झोपतात असं लिहिलेला ट्रेलर घेऊ का. माझं उत्तर नाही. आणि हे मी ठाण्यात बसून हवेत गप्पा मारत नाहीये, आम्ही अमेरिकेत इंडियानात होतो तेव्हा आमचा स्वतःचा होता, आणि एल्कहार्ट शहर आमच्यापासून जवळ, अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर त्याच पट्ट्यात बनतात, त्यामुळे शेजारी-पाजारी जो तो त्या धंद्यातला, कोणी कपाटं बसवणारा कोणी छपराचं सीलिंग करणारा, आणि ही माणसं बार्बेक्यूला बसली की जे बोलायची ते कुठल्या शोरूममध्ये तुला कोणी सांगणार नाही.

आधी तो १० चा आकडा. पुढे क्वीन बेडवर दोन, मागे डबल बंक (रेल्वेच्या बर्थसारखे एकावर एक पलंग) वर-खाली म्हणजे चार, डिनेट, म्हणजे जेवायचं टेबल आणि बाक, मोडून दोन, सोफा उघडून दोन, झाले दहा. हे म्हणजे आपल्या लोकलची चौथी सीट आहे रे, बसतो माणूस, पण अर्धा. डिनेटचा बेड म्हणजे काय ते एकदा डोळ्यासमोर आण. रात्री टेबलावरची ताटं आवरायची, टेबलाचा पाय काढायचा, टेबल खाली बसवायचं, पाठीच्या गाद्या मधे टाकायच्या, त्या सरकू नयेत म्हणून चादर ताणून बसवायची, मग पोरगं झोपणार. सकाळी चहा कुठे प्यायचा? टेबलच नाही, त्याच्यावर तुझी छकुली पसरलेली. आणि बाहेर पाऊस असला की संपलंच, तुमच्या मिशिगनमध्ये तो असतोच, कोणालाही बसायला जागा नाही.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे, पोरांचे बेड कायमचे पाहिजेत. घडी न होणारे, मोडून टेबल न होणारे. आणि ते तुमच्या बेडपासून दुसऱ्या टोकाला पाहिजेत, मधे पडदा तरी हवाच. कारण पोरं साडेआठला झोपतात आणि तुम्ही दोघं साडेआठला झोपणार नाही. डिनेटवर पोरं झोपवलीत तर तुम्ही दोघं अंधारात क्वीन बेडवर बसून मोबाईल बघाल, किंवा बाहेर डासांना रक्तदान. बंकवाल्या मॉडेलमध्ये पोरं मागे पडद्याआड, तुम्ही टेबलाशी, आणि दुपारी चार वर्षांच्या बाईसाहेबांना झोप आली तरी बाकीच्यांचं काही अडत नाही. तिकडे याला "बंकहाऊस" म्हणतात, डीलरला तेवढंच सांग, बाकीचे लेआउट बघूच नकोस, उगाच मोठे काचेचे दरवाजे आणि फायरप्लेस बघून वहिनी फिरेल. (फायरप्लेस! ट्रेलरमध्ये! असो.)

आता बंक कसे बघायचे. स्वतः चढ. हो, लाज सोड आणि डीलरच्या आवारात शूज काढून वरच्या बंकवर आडवा हो, डोकं छताला किती जवळ आहे, वर एसीची हवा येते का, दिवा हाताशी आहे का ते आडवं पडूनच कळतं. सिंगल बंक बऱ्याचदा २८ इंच रुंद असतात, सहा-सात वर्षांच्या पोराला झकास, पण तुझा आरव ज्या वेगाने वाढतोय ते बघता तो चार वर्षांत त्यात मावणार नाही. कोपऱ्यातला डबल-ओव्हर-डबल, म्हणजे वर-खाली दोन्ही रुंद बंक, मिळाला तर तो घे. बंकवर किती वजन चालेल त्याचं लेबल लावलेलं असतं, ते वाच, सगळीकडे सारखं नसतं. वरच्या बंकवर सहा वर्षांखालच्या पोराला झोपवायचं नाही, ही तिकडची सरकारी सूचनाच आहे, घरातल्या बंक बेडसाठीची, म्हणजे धाकटी खालीच, कितीही रडली तरी. आणि एक गोष्ट जी कोणीच सांगत नाही, सोबत येणारी गादी असते पातळ, पापडासारखी, म्हणून लोक हौसेने वर जाड फोम टाकतात आणि मग कठड्याची उंची तेवढीच कमी होते, पोरगं झोपेत कड बदलतं आणि थेट खाली. गादी बदलायची असेल तर आधी कठडा माप. बंकजवळ लाल हँडलची इमर्जन्सी खिडकी असते, ती मुलांकडून एकदा उघडून घे, त्यांना खेळ वाटतो, आणि तुलाही कळतं की ती जाम आहे की उघडते.

बेडचं झालं. आता वजन, आणि इथे जरा नीट वाच, कारण तुझी व्हॉइस नोट ऐकून मला घाम फुटला तो इथेच. तू म्हणालास तुझी टोयोटा हायलँडर गाडी ५००० पाउंड ओढते आणि ट्रेलर ४६०० चा आहे, म्हणजे बसतंय. नाही बसत राजा. ते ४६०० म्हणजे फॅक्टरीतून निघालेला रिकामा ट्रेलर. त्यात पाणी नाही, भांडी नाहीत, उन्हाळ्यात तुमच्याकडे येणाऱ्या काकूंचा प्रेशर कुकर नाही. एक गॅलन पाणी म्हणजे सव्वाआठ पाउंड, ४० गॅलनची टाकी भरली की सव्वातीनशेच्या वर गेलं. त्यावर कपडे, खुर्च्या, सायकली, किराणा. सहज ५५०० च्या पुढे जातो. (आणि हो, तुझी हायलँडर हायब्रिड आहे का? हायब्रिड असेल तर ३५०० च, मग विषयच संपला.)

पण खरी गोम ओढण्यात नाही, पेलण्यात आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार गाडीच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या मागच्या जोडणीवर, खाली दाबला जातो, त्याला टंग वेट म्हणतात. तो त्याहून कमी ठेवला तर ट्रेलर हायवेवर शेपटी हलवायला लागतो, म्हणून तो कमी करून चालत नाही. आणि हा भार गाडीच्या पेलोडमधून, म्हणजे गाडी अंगावर जेवढं वजन पेलते त्यातून, वजा होतो. ड्रायव्हरचं दार उघड, बाजूच्या खांबावर एक पिवळा-पांढरा स्टिकर आहे, माणसं आणि सामान मिळून किती पाउंडाच्या वर जायचं नाही ते तिथे लिहिलंय. समज तिथे १४०० आहे. आता तुम्ही दोघं ३०५, काका-काकू २९०, दोन पोरं आणि त्यांच्या कार सीट मिळून १२५, झाले ७२०. ट्रेलर ५००० चा धरला आणि १२ टक्के धरले तर ६०० टंग वेट. १३२०. हिचचं स्वतःचं लोखंड आहेच, ते धरलं की १४०० झालेच, अजून डिकीत एक पिशवी ठेवलेली नाही. माहितीपत्रकातला ओढायचा मोठा आकडा असा सहा माणसं बसवून काढलेला नसतो. तू गणितात माझ्यापेक्षा हुशार, तूच बेरीज कर.

म्हणजे दोनच रस्ते. एकतर गाडी बदल, मोठा पिकअप घे, किंवा ट्रेलर लहान घे. आणि मला विचारशील तर ट्रेलर लहान घे, साडेतीन हजारांच्या आत रिकामा, स्लाइड नसलेला बंकहाऊस. मिळतात, जेको कंपनीकडे आहेत, बाकीच्यांकडेही आहेत. तरी वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (टंगचा भार पुढच्या-मागच्या चाकांवर वाटणारी) आणि ब्रेक कंट्रोलर (गाडीतून ट्रेलरचे ब्रेक लावणारा) लागतीलच, पण हायलँडरच्या मॅन्युअलमध्ये त्या हिचबद्दल काय लिहिलंय ते आधी वाच, काही कंपन्या नको म्हणतात. घेतल्यावर पहिल्या ट्रिपला सगळं भरून, सगळी माणसं बसवून, ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर वजन करून घे. थोडे डॉलर जातील, पण कागदावर खरा आकडा हातात येईल.

स्लाइड नको का म्हणतोय? दिसायला भारी, बटण दाबलं की हॉलच मोठा होतो, मान्य. पण वजन वाढतं, सील म्हातारं होतं आणि तिथून पाणी शिरतं. आणि हे तपासच, स्लाइड आत असताना बंकपर्यंत आणि बाथरूमपर्यंत जाता येतं का. रेस्ट एरियात थांबलाय, धाकटी "शी आली" म्हणतेय, आणि बाथरूमचं दार स्लाइडने अडवलंय, कल्पना कर.

लांबीचं पण तेच. मॉडेलच्या नावातला आकडा म्हणजे लांबी नव्हे, पुढच्या दांड्यासकट लांबी बघ, २२ लिहिलेला २५-२६ भरतो. नॅशनल पार्कांतल्या जुन्या कॅम्पग्राउंडना मोठे ट्रेलर चालत नाहीत, योसेमिटीच्या अपर पाइन्सला ट्रेलर २४ फुटांपर्यंतच. आणि तू ग्लेशियर नॅशनल पार्कला जायचं म्हणतोस तर तिथला गोइंग-टू-द-सन रोड, त्याच्या मुख्य घाटात २१ फुटांपेक्षा लांब गाडी सोडतच नाहीत. पण ट्रेलरचा फायदा तोच, तो कॅम्पला सोडायचा आणि गाडी घेऊन फिरायचं, मोटरहोमवाल्यांसारखं अख्खं घर घेऊन दूध आणायला जावं लागत नाही.

आता काका-काकू. मला माहितीये की १० चा आकडा तुझ्या डोक्यात त्यांच्यामुळेच बसलाय. मागच्या आठवड्यात नौपाड्यात काकू भेटल्या, गोखले रोडवर भाजी घेत होत्या, मला म्हणाल्या "मन्या आम्हाला फिरत्या घरात ठेवणार आहे म्हणे, तिथे संडासाला कमोड आहे ना?" कमोड आहे, पण बाथरूम एवढंसं, आणि काकूंच्या गुडघ्यांना आत जायची ती दोन लोखंडी पायऱ्याच भारी पडतील. रात्री काका चारदा उठणार, प्रत्येक वेळी अख्खा ट्रेलर हलणार. त्यांच्यासाठी ट्रेलर मोठा घेऊ नको. ते उन्हाळ्यात तीन महिने येणार, त्यातल्या किती रात्री कॅम्पिंगला जाणार तुम्ही? मिशिगनच्या स्टेट पार्कांत छोट्या केबिन भाड्याने मिळतात, केओए म्हणून कॅम्पग्राउंडची कंपनी आहे, त्यांच्याकडेही असतात, शेजारची केबिन त्यांच्या नावाने बुक कर. जेवण एकत्र, झोप आपापली. काका सकाळी सहाला ट्रान्झिस्टर लावतील तेव्हा तूच मला दुवा देशील. आणि त्या ट्रिपला बेरजेतले २९० पाउंड पण वहिनीच्या सेडानमध्ये जातील.

जुना घ्यायचा की नवा? जुना, दोन-तीन वर्षांचा. पण पाणी शिरलेला नको, तेवढं एक बघ. कोपऱ्यात, खिडक्यांखाली, बंकच्या गाद्या उचलून भिंत अंगठ्याने दाब, मऊ लागली की निघ, मालक कितीही गोड असू दे. टायरवर DOT या अक्षरांच्या पुढे जो कोड असतो त्याचे शेवटचे चार आकडे बघ, ३५२१ म्हणजे २०२१ चा पस्तिसावा आठवडा. नक्षी कितीही छान दिसली तरी पाच-सहा वर्षांचा टायर बदलायचा खर्च धरून भाव पाड.

वहिनीचा पार्किंगचा मुद्दा, तो सगळ्यात आधी सोडव. तुमच्या एचओएचे, म्हणजे तिकडच्या सोसायटीचे, नियम वाच, बऱ्याच ठिकाणी ड्राइव्हवेवर ट्रेलर ठेवू देत नाहीत, मग दर महिन्याला स्टोरेजचं भाडं, ते हप्त्यात धर. तुला वाटत असेल सोसायटीची कटकट ठाण्यात सोडून गेलास. आमच्याकडे इथे स्टिल्ट पार्किंगच्या लॉटरीवरून एजीएममध्ये रात्री साडेअकरापर्यंत भांडण चालू होतं, मी ट्रेलर आणला असता तर मला वॉचमनच्या केबिनमध्ये झोपवलं असतं. आपल्या सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण इथे बहुतेक टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीतच घर बसवतात, ओढायचा ट्रेलर क्वचित. बरोबरच आहे, कापूरबावडीला तो वळवणार कोण?

आणि थंडी. ऑक्टोबर संपायच्या आत पाईपमधलं पाणी काढून गुलाबी अँटिफ्रीझ भरायचं, नाहीतर वसंतात नळ फुटलेले. तासाभराचं काम आहे, शिकून घे.

रिव्हर्सची भीती बाळगू नको. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला ठेव, ट्रेलरचं बूड जिकडे न्यायचंय तिकडे हात सरकव, बस. रिकाम्या चर्चच्या पार्किंगमध्ये सकाळी जाऊन प्रॅक्टिस कर, वहिनीला मागे उभी करू नको, भांडण होईल.

घाई करू नको. आधी असाच लहान बंकहाऊस एका वीकेंडला भाड्याने घे, तिथेच मिशिगनमध्ये लुडिंग्टनला जा, दोन रात्री झोपा, मग ठरव. आणि आजच त्या दाराच्या स्टिकरचा फोटो पाठव, आकडा आल्याशिवाय मी तुला पुढचा कुठलाच सल्ला देणार नाही, आणि तूही डीलरला टोकन देऊ नको. पोरांना पापा, वहिनीला नमस्कार. काकूंकडे भाजणी आणि मेतकूट देऊन ठेवलंय, बॅगेत वजन होतं म्हणून त्या काढून ठेवतील, तू फोन करून दम दे.

तुझा,
पक्या