गावनकाशातली तुटक रेघ वाचायला शिकवणाऱ्या भाऊसाहेबांना

आदरणीय भाऊसाहेब,
सप्रेम नमस्कार.

नाशिकच्या पश्चिमेला कच्च्या वाटांवर सायकल चालवणाऱ्यांपैकी बहुतेकांना तुमचं नाव ठाऊक नाही, आणि ते छापलेलं तुम्हाला आवडणारही नाही. तलाठीपदावरून निवृत्त झाल्यावर तुम्ही आम्हाला गावनकाशे वाचायला शिकवलंत, त्याबद्दल हे आभाराचं पत्र. ते जाहीर लिहिलं, कारण नव्याने ग्रॅव्हल सायकल (कच्च्या वाटांसाठीची रुंद टायरची सायकल) घेणाऱ्यांच्याही हाती तुमची शिकवण पडावी असं वाटतं.

मोबाइलवरच्या उपग्रहचित्रात वाट दिसते. पण ती पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीची आहे, की कुणी गेल्या हंगामात द्राक्षबागेत ट्रॅक्टर न्यायला पाडली, हे काही दिसत नाही. गावनकाशात दिसतं. दोन तुटक रेघा म्हणजे गाडीमार्ग, रुंदी १६.५ ते २१ फूट. एकच तुटक रेघ म्हणजे पायमार्ग, रुंदी ८.२५ फूट. हे विचित्र आकडे आले कुठून, तेही तुम्ही उलगडलंत: मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि तिचे आणे सोळा, म्हणून साडेसोळा फूट म्हणजे आठ आणे आणि सव्वाआठ फूट म्हणजे चार आणे. हे एकदा कळल्यावर आकडे पाठ करावे लागत नाहीत.

तुम्ही घालून दिलेला क्रम आजही तसाच चालतो. आधी महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गाव निवडून गट क्रमांक काढायचे. तिथे मुख्यतः गटांच्या हद्दी मिळतात. तुटक रेघांसाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत घ्यायची. शंका असलेल्या गटाचा सातबारा उघडून ‘इतर अधिकार’ या रकान्यात रस्त्याची नोंद आहे का ते पाहायचं, आणि पोटखराब (लागवडीखाली नसलेली जमीन) वर्ग ‘ब’ किती आहे तेही, कारण रस्ते, ओढे यांसारख्या सार्वजनिक वापराखालची जमीन त्यात मोडते. यानंतरची पायरी आमच्यातले घाईतले लोक नेमकी गाळतात: शेजारच्या गावाचा नकाशा. गाडीमार्ग शिवेपर्यंत आला आणि पलीकडच्या गावाच्या नकाशात पुढे सरकला नाही, तर तो शिवेवरच संपला असं धरायचं. पडद्यावर दोन टोकं एकमेकांसमोर दिसली तरी मधे बांध असतो, नाहीतर कुणाचा कांदा.

मातीचा धडा तर आम्हाला सायकलच्या कुठल्याच माहितीपत्रकात मिळाला नसता. काळी, माळ, कोरळ, बरड ही आपल्या जिल्ह्यातल्या जमिनींची जुनी नावं. तुम्ही तीच वापरलीत आणि प्रत्येकीची वाट पावसात कशी वागते ते सांगितलंत. काळी पाणी पिऊन फुगते, म्हणून ओली असताना टायरला चिकटते, मग फ्रेम आणि टायर यांच्यामध्ये भरत जाते आणि चाक जाम होतं. अशा वेळी पायडल रेटलं की मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) चाकात ओढला जातो आणि तो फ्रेमला जोडणारा हँगर तुटतो. उपाय एकच, लगेच उतरायचं, चपट्या काठीने गाळ काढायचा आणि सायकल खांद्यावर घ्यायची. आपल्या फ्रेमचा सुटा हँगर बॅगेत हवाच, दुसऱ्या मॉडेलचा बसत नाही. टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना किमान ६ मिमी जागा ठेवावी. काळ्या मातीत तीही अपुरी पडते. मोठ्या पावसानंतर मुरमाड वाट काही तासांत निथळते, काळीला तीन-चार दिवसांचं कडक ऊन लागतं. म्हणून सिन्नर-निफाडकडच्या पाणंदी पावसाळ्यात सोडून द्याव्यात.

आता गंमत अशी की इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि सिन्नरला त्याच्या पाचव्या हिश्श्याइतका, तरी भर ऑगस्टमध्ये सायकल चालते ती पश्चिमेकडेच. डोंगरउतारावर मातीचा थर पातळ, खाली बेसॉल्ट आणि त्याचाच कुजून झालेला मुरूम; पाणी थांबायला जागाच नाही. कोरळाचा धोका वेगळा आहे. कठीण पाठीवर सुटे खडे बोरं सांडल्यासारखे पसरलेले असतात. चढावर उभं राहून पायडल मारलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. बसून राहावं, सीटवर थोडं पुढे सरकावं, हलका गिअर ठेवावा. उतारावर वेग वळणाआधीच कमी करावा, वळणात पुढचा ब्रेक धरू नये.

गिअरबद्दल स्पष्टच लिहितो: पुढच्या चकतीच्या दातांइतके किंवा त्याहून जास्त दात मागच्या सर्वांत मोठ्या चकतीला नसतील, तर वाघेऱ्याकडच्या कच्च्या चढांवर सायकल ढकलावी लागेल. पुढे ४० दात असतील तर मागे ४२-४४ हवेत. पुढे दोन चकत्या असतील तर लहान चकतीच्या ३० दातांना मागे ३४ पुरतात. टायर ४० मिमीपेक्षा अरुंद नको, ४५ उत्तम. ७५ किलोच्या माणसाने ४५ मिमीच्या ट्यूबलेस टायरमध्ये पुढे साधारण २७ आणि मागे ३० पीएसआय ठेवून सुरुवात करावी. ट्यूब असेल तर पाचेक पीएसआय वाढवावेत, नाहीतर दगडावर रिम आपटून ट्यूबला दोन समांतर चिरा पडतात. ‘टणक हवा म्हणजे वेग’ हा डांबरावरचा हिशेब खडीवर लागू होत नाही, तिथे टणक टायर नुसता उड्या मारतो.

पंक्चरचं कारण बहुतेक वेळा बाभळीचा काटा. कुंपणाची छाटणी झाली की तो वाटेवर येतो, हे तुम्ही सांगेपर्यंत आम्ही काट्यांचा दोष नशिबाला देत होतो. ट्यूबलेसमध्ये दर टायरला ६० मिली सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) घालावं आणि दोन महिन्यांनी व्हॉल्व्हचा गाभा काढून तपासावं. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ते लवकर सुकतं. काटा उपसलाच तर भोक जमिनीकडे येईल असं चाक फिरवून थांबावं, म्हणजे सीलंट तिथे साचतं. पावसाळ्यात रेझिनचे ब्रेक पॅड बेसॉल्टच्या ओल्या भुकटीने भराभर झिजतात; धातूच्या भुकटीचे सिंटर्ड पॅड आवाज करतात, पण टिकतात.

वाटांपैकी मखमलाबाद, मातोरी, दरी, मुंगसरे, गिरणारे हा पट्टा नवख्यांसाठी योग्य: डोंगर जवळ, चढ बेताचे, वाटेत गावं. गिरणाऱ्यात टोमॅटोचा हंगाम असला की पिकअप गाड्यांची रीघ लागते, तेव्हा सकाळी लवकर निघून जावं. पुढे धोंडेगाव, कश्यपी धरण आणि वाघेरामार्गे हरसूल ही अंगात दम असलेल्यांची वाट. त्र्यंबकच्या अलीकडे पेगलवाडीहून पहिने आणि पुढे घोटीकडे जाताना डाव्या-उजव्या हाताला गाडीवाटा फुटतात. पावसाळ्यातल्या रविवारी मात्र धबधब्यांच्या गर्दीमुळे तिकडे फिरकूच नये. गंगापूर आणि वैतरणेच्या फुगवट्यालगत पाणी ओसरलं की नव्या वाटा उघड्या पडतात. तिथल्या गाळपेराच्या, म्हणजे पाणी ओसरल्यावर पेरलेल्या, जमिनीत शिरू नये. पीक उभं असतं, आणि वाळलेल्या गाळाच्या भेगा चाकाच्या दिशेने असतील तर चाक अडकतं. फरशी पुलावर शेवाळ असेल तर हँडल सरळ, ब्रेक नाही, वळण नाही. पाणी घोट्याच्या वर असेल तर उतरून चालावं, गढूळ वाहत असेल तर मागे फिरावं.

कालव्यालगतची वाट सपाट असते, म्हणून दोन डोंगरवाटा जोडायला सोयीची. पण आवर्तन सुरू असताना, म्हणजे कालव्याला पाणी सोडलेलं असताना, काठ पाझरतो आणि निसरडा होतो, आणि कालवा ओढ्यावरून नेणाऱ्या जलसेतूच्या कठड्यावरून सायकल नेणं हा निव्वळ मूर्खपणा.

जिथे जाऊ नये त्या जागाही तुम्हीच पेन्सिलने रंगवून दिल्यात. बहुला किल्ल्याभोवतीचा टापू देवळालीच्या तोफखान्याच्या सराव क्षेत्रात येतो. उपग्रहचित्रातली तिथली छान रुंद वाट आपल्यासाठी नाही. अंजनेरी आणि बोरगड संवर्धन राखीव आहेत. अंजनेरीच्या पठारावर सेरोपेजिया अंजनेरिका हे त्या डोंगराच्याच नावाचं कंदीलपुष्प उगवतं, तिथे चाक घालायचं नाही. पायथ्याच्या वाटा पुष्कळ आहेत. ऊस असलेल्या भागात पहाटे आणि तिन्हीसांजेला बिबट्या असतो, म्हणून उजेडातच फिरावं आणि वळणावर घंटी वाजवावी. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांत ब्लोअरने फवारणी चालते. वाऱ्याच्या खालच्या बाजूने जाऊ नये. फाटक जसं असेल तसंच मागे ठेवावं, उघडं तर उघडं, बंद तर बंद. आणि वाट नकाशात असली तरी बांधावर माणूस दिसला की उतरून विचारायचं. रेघ सरकारी असली तरी तिची देखभाल तोच करतो, हे तुमचंच म्हणणं.

सोबत तुम्ही खुणा केलेल्या गावनकाशांच्या स्वच्छ प्रती पाठवत आहोत. मुंगसरे आणि गिरणारे यांच्या शिवेवरचा गाडीमार्ग पुढे जुळतो की नाही, यावर आमच्यात दोन मतं आहेत. तिथे पेन्सिलने प्रश्नचिन्ह ठेवलं आहे. सवडीने पाहून लाल शाईने दुरुस्ती करावी. द्राक्षं उतरायच्या आत प्रत मिळाली तर नव्या मंडळींना त्याच नकाशावर घेऊन जाऊ.

आपले ऋणी,
नाशिकचे कच्च्या वाटांवरचे सायकलस्वार