आंबा घाट आणि दगड झालेला ब्रेक

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा बोलता बोलता आईच्या तोंडून निसटलं, की आंबा घाट उतरताना तुम्ही इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडलीत आणि साखरप्याच्या अलीकडे ब्रेक ‘दगड झाला’. तिच्यावर चिडू नका. फोनवर सांगितलं की तुम्ही ‘बरं बरं’ म्हणून फोन तिच्याकडे देता, म्हणून लिहितेय.

बोनेटखाली, ब्रेकच्या पेडलसमोर काळा गोल डबा आहे ना, तो बूस्टर. आत रबरी पडदा असतो. इंजिन चालू असताना डब्यातली हवा ओढून घेतं. तुम्ही पेडल दाबलंत की पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा शिरते आणि तुमच्या पायाबरोबर तीही जोर लावते. इंजिन बंद केल्यावर आतली पोकळी, म्हणजे व्हॅक्यूम, एका झडपेमुळे थोडा वेळ टिकते, पण दोन-तीनदा दाबेपर्यंतच. तुम्ही तर वळणावळणाला ब्रेक टेकवत आलात! पुढे ब्रेक लागतो, नाही असं नाही, पण सगळा जोर एकट्या पायाचा. तुमच्या जुन्या जीपला बूस्टर नव्हता हे मला ठाऊक आहे. तेव्हा गुडघाही जुना नव्हता.

शिवाय पॉवर स्टीअरिंग जड होतं, आणि किल्ली काढली गेली तर ते लॉकच होतं.

आता पेट्रोलचं. आपली गाडी फ्युएल इंजेक्शनची आहे, म्हणजे किती पेट्रोल सोडायचं ते ती स्वतः ठरवते. उतारावर गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडलात, की ती इंजिनाला पेट्रोल देणंच थांबवते. म्हणजे बचत तुमच्याइतकीच, वर इंजिन गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. दुसऱ्या गिअरवर उतरवा.

उद्या अंगणात एक करून बघा. गाडी बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, कडक होईल. पाय तसाच दाबून ठेवून स्टार्ट करा. पेडल जरासं खाली गेलं तर बूस्टर ठीक. नाही गेलं तर त्याच दिवशी मेकॅनिकला दाखवा.

आई, गाडी चालताना आपोआप बंद पडली, तर बाबांना एवढंच ओरडून सांग: ब्रेक सोडून-सोडून मारू नका, एकदाच दाबा आणि दाबूनच ठेवा.

गणपतीला येतेय. कोल्हापूरहून घाट मी उतरवणार, बाबांनी शेजारी बसायचं.

तुमची,
ताई