लायब्ररीवाल्या काकूंना, उशिराच

आदरणीय काकूंस,
सा. न. वि. वि.

लायब्ररी बंद करून तुम्ही पुण्याला लेकाकडं गेलात, तेव्हापासून आपलं बोलणं दिवाळीच्या फोनापुरतं उरलंय. तुम्ही गुडघ्यांचं सांगता, मी हळदीचा भाव सांगते, आणि फोन ठेवायची वेळ येते. म्हणायचं असतं ते राहूनच जातं. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड, चारचौघांनी वाचावं असं. तेव्हा सगळं चोरून चाललं होतं, निदान आभार तरी उघड मानावेत.

निमित्त आमच्या पेढीवरच्या दोन मुलींचं. मुली म्हणजे काय, एकीचा पोरगा बालवाडीत जातो. 2025 च्या पावसाळ्यात दर बुधवारी दोघी डबा उघडून रोजकीर्दीच्या आड मोबाइल उभा करायच्या. एक मुलगी, दोन भाऊ, समुद्रकाठचं घर, अशी कॉलेजातल्या पोरांची मालिका. मी जवळ गेले की मोबाइल पालथा. एका बुधवारी मी जाताजाता विचारलं, "थोरला की धाकटा?" दोघी एकदमच बोलल्या, आणि दोन वेगळी नावं बोलल्या. त्यावरून जी जुंपली, ती सौदे सुरू व्हायची वेळ झाली तरी थांबेना. असं विचारायचं असतं, हे मी तुमच्याकडून शिकले.

त्याला बरीच वर्षं झाली. माझी लेक तेव्हा नववीत होती आणि तिच्या वर्गात 'ट्वायलाइट' या इंग्रजी कादंबरीचं वेड शिरलं होतं. बेला नावाची मुलगी आणि तिच्यावर जीव टाकणारे दोघे, एक रक्त पिणारा व्हॅम्पायर एडवर्ड, दुसरा लांडगा होणारा जेकब. काळं मुखपृष्ठ, दोन गोऱ्या हातांत लाल सफरचंद. तिनं ते दोन दिवसांत संपवलं, मी जेवणाच्या सुट्टीत पेढीवर वाचायला घेतलं, अडखळत, डिक्शनरी शेजारी ठेवून. परत द्यायला तुमच्याकडं सांगलीच्या गावभागात आले तर तुम्ही पुस्तक हातात धरून आडवं केलंत. पानांच्या कडांना पिवळे अंगठे उठले होते. शेवटच्या शंभरेक पानांवर तर जास्तच, तिथं मी घाईत होते ना. "मुलगी हळदीच्या पेढीवर जाते का हो?" तुम्ही विचारलंत. मला कुठं तोंड लपवावं ते कळेना. तुम्ही हसला नाहीत. पुस्तक बाजूला ठेवलंत आणि अगदी भाजीचा भाव विचारावा तसं म्हणालात, "एडवर्ड की जेकब?"

आणि मग कार्डावर पुस्तकाचं नाव न लिहिता नुसता नंबर टाकलात. ते कार्ड आमच्या फ्रिजवर लटकायचं, येताजाता सगळे बघायचे. मी काही न बोलता तुम्हाला ते कळलं होतं.

आता वाटतं, लपवण्यासारखं होतं तरी काय? आयपीएलमध्ये एकोणीस वर्षांच्या पोरानं षटकार मारला की पन्नाशीतली माणसं सोफ्यावरून उठून नाचतात, त्यांना कुणी वय विचारत नाही. पण पस्तिशीच्या बाईनं शाळकरी प्रेमाची गोष्ट वाचली की लगेच "हे काय तुझं वय आहे का?" तुम्ही मात्र म्हणायचात, आपण सांगलीकरांनी हे कुणाला शिकवू नये. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं ते याच गावात, आणि विषय काय तर सीतेचं स्वयंवर. बालगंधर्व तर आपल्या नागठाण्याचे. त्यांची साडी, त्यांची नथ बघून आपल्या पणज्या नटायच्या. "त्यांना वेडं म्हणत नाही ना कुणी? जुनं झालं की त्याला परंपरा म्हणतात," हे तुमचं वाक्य मी कितीजणींना ऐकवलंय.

पण खरं मोठं काम तुम्ही आमच्या भिशीत केलंत. इंग्रजी पुस्तक वाचणाऱ्या आम्ही दोघी, बाकीच्यांना नुसती उत्सुकता. मी एकदा सहज बोलावलं आणि तुम्ही पुस्तक न घेताच आलात. चिठ्ठी निघाली, पोहे झाले, आणि तुम्ही मांडी घालून सुरुवात केलीत, "वॉशिंग्टन म्हणजे ते व्हाइट हाउसवालं नव्हे, पार दुसऱ्या टोकाला त्या नावाचं राज्य आहे. तिथं फोर्क्स नावाचं गाव. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पोरगी आलीय ॲरिझोनाच्या उन्हातनं, आणि पाऊस बघून तिला रडू येतंय."

त्यावर दुष्काळी आटपाडीचं माहेर असलेली आमची मैत्रीण चिडलीच. "एवढा पाऊस पडतोय आणि रडतीय कशाला? आमच्याकडं पाठवा म्हणावं." झालं. तिथून पुढं सगळ्याजणी त्या गोष्टीत घुसल्या. एडवर्ड दिसायला सतराचा पण जन्म 1901 चा. 1918 च्या साथीत, म्हणजे आपल्याकडच्या मानमोडीतच, शिकागोत मरायला टेकला होता आणि एका व्हॅम्पायर डॉक्टरनं चावून त्याला वाचवलं, हे तुम्ही सांगितलंत. लगेच हिशेब झाला. "म्हणजे आमच्या आजेसासऱ्यांपेक्षा मोठा. आणि अजून अकरावीतच?" जेकब उघड्या अंगानं फिरतो म्हटल्यावर एकीला त्याच्या सर्दीची काळजी. तुम्ही शांतपणे म्हणालात, "त्याला नाही होत सर्दी. लांडग्याचं अंग, ताप कायम 108 च्या वर." "अगं बाई, मग डॉक्टरला दाखवा की!"

तुम्ही गोष्ट गोड करून सांगितली नाहीत, हेही मला आवडायचं. एडवर्ड रात्री चोरून खिडकीतून बेलाच्या खोलीत शिरतो आणि ती झोपलेली असताना बघत बसतो, तिथं आल्यावर तुम्ही चष्मा काढलात. "माझ्या नातीच्या खोलीत असा कोण बसलेला दिसला तर मी वरवंटा घेऊन जाईन." आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. मग तुम्ही चष्मा परत लावलात. "बरं, पुढं ऐका." आणि आम्ही ऐकलं. यातलं काय चुकीचं आहे ते आम्हाला दिसत होतं आणि तरी मजा येत होती. एकीनं एकदा विचारलं, असलं काही वाचून मुली बिघडतात का हो? तुम्ही म्हणालात, मुलींशी बोला, विचारा त्यांना. मी घरी जाऊन लेकीला विचारलं. तिला खिडकीचं प्रकरण माझ्याआधीच खटकलं होतं आणि त्यावर तिनं मला चांगलं अर्धा तास ऐकवलं.

दुसऱ्या भागाच्या वेळी मात्र तुम्ही पुस्तक घेऊन आलात. एडवर्ड बेलाला सोडून निघून जातो, तिथं पोचलात आणि बोलायच्या थांबलात. पुस्तक उघडून आमच्याकडं फिरवलंत. पानावर नुसतं महिन्याचं नाव. ऑक्टोबर. पान उलटलंत, नोव्हेंबर. मग डिसेंबर, जानेवारी. बाकी पानं कोरी. आमच्यातल्या एकीचे मालक त्याच्या आदल्या वर्षी अपघातात गेले होते. एडवर्डच्या वयावरून सगळ्यात जास्त हसलेली तीच. तिनं ते पुस्तक मागून घेतलं, चारही पानं स्वतः एकदा उलटली आणि म्हणाली, "बरोबर लिहिलंय बाईनं. मला पण कुणी विचारलं त्या दिवाळीत काय केलंस, तर मला काही आठवत नाही." तोवर तिच्याशी त्या विषयावर बोलायचं धाडस आमच्यातल्या कुणी केलं नव्हतं. मग तुम्ही चहा ठेवायला लावलात, आणि ती बोलत राहिली, बराच वेळ.

लिहिणाऱ्या बाईंबद्दलही तुम्हीच सांगितलंत. स्टेफनी मेयर, घरी तीन लहान मुलगे, 2003 च्या जूनमध्ये एक स्वप्न पडलं आणि तिथून लिहायला घेतलं. फोर्क्स त्यांनी पाहिलंही नव्हतं, सगळ्यात पावसाचं गाव कुठलं ते इंटरनेटवर शोधून काढलं. अमेरिकेतल्या आमच्यासारख्या बायका स्वतःला उघड 'ट्वायलाइट मॉम्स' म्हणवून घेतात, हे कळल्यावर आमची भिशी महिनाभर ताठ मानेनं फिरली. घरात मात्र कुणी काही बोललं नाही, एवढी काही हिंमत आली नव्हती.

2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि गावभागातलं तुमचं दुकान छतापर्यंत बुडालं. पाणी ओसरल्यावर आम्ही आलो तेव्हा पुस्तकं फुगून कपाटांत अशी घट्ट बसली होती की पहारीनं काढावी लागली. त्या चिखलात पिवळ्या अंगठ्यांचं पुस्तकही गेलं असणार. तुम्ही त्या दिवशी एका शब्दानं हळहळला नाहीत, उलट आम्हालाच खाऊन घ्या म्हणत होतात. त्याबद्दल मी इथं जास्त लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही.

एक मात्र लिहायलाच पाहिजे. चौथा भाग तुम्ही सांगितलात तेव्हा माझं पुस्तक निम्म्यावर होतं. लग्न झालं, बाळ झालं, आणि सगळ्यांनी विचारलं, जेकबचं काय झालं? तुम्ही घोटभर पाणी प्यालात आणि म्हणालात, "त्याला लांब नोकरी लागली." सगळ्यांना बरं वाटलं. मी नंतर पुढचं वाचलं. तान्ह्या मुलीवर त्याचा जन्माचा जीव जडतो, हे पुस्तकातलं खरं प्रकरण वाचून मी पुस्तक मिटलं आणि तुम्हाला मनोमन हात जोडले. लेखिकेला जे सुचलं नाही ते तुम्ही पाण्याच्या एका घोटात केलंत. मी कुणाला काही बोलले नाही. शेवटचा सिनेमा 2012 मध्ये आला, तोही भिशीत लावू दिला नाही, सीडी खराब आहे म्हणून सांगितलं.

तर काकू, बाकी सगळ्याबद्दल आभार आहेतच, पण जेकबला नोकरीला लावल्याबद्दल विशेष. आटपाडीवाली परवा विचारत होती, त्याचं लग्न झालं का. मी सांगितलं, स्थळं बघतायत.

तुमची,
हळदीच्या पेढीवरची