बाबा, राख इथेही आहे

एस्टेव्हन, सस्कॅचेवान
19 जानेवारी

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. हे आधी लिहिते, कारण आई तेवढंच वाचून चष्मा काढून ठेवेल. जेवण होतं, झोप होते, वजन उलट दीड किलोने वाढलंय. फोन सोडून पत्र कशाला, असं विचाराल. बाबा, व्हिडिओ कॉलवर तुम्हाला अर्धं ऐकू येत नाही आणि तुम्ही "हो, हो" म्हणत मान डोलावता, ते मला इथून दिसतं. बॉयलरशेजारी तीस वर्षं काढली त्याची ती पावती. अक्षयला सांगितलंय, मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दे.

थंडी आहे. उणे 30 च्या आसपास. पण घरात बनियनवर बसता येतं, त्यामुळे आईने लोकरीचा तिसरा स्वेटर विणू नये. चंद्रपूरच्या 47 मध्ये आपण राहतोच ना? तसंच हे, फक्त उलट्या दिशेने.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. इथे गाड्यांना रात्री प्लग लावून ठेवतात. मी आले तेव्हा प्रत्येक गाडीच्या नाकातून काळी वायर लोंबताना पाहिली आणि वाटलं, काय पुढारलेलं गाव, सगळ्या गाड्या विजेवर! तर तसं नाही. गाड्या पेट्रोलच्याच. इंजिनात एक छोटा हीटर बसवलेला असतो, कारण या थंडीत ऑइल काकवीसारखं घट्ट होतं आणि स्टार्टर मारला तर गाडी नुसती कण्हते. म्हणून ऑफिसच्या पार्किंगमध्ये प्रत्येक जागेपुढे एक खांब आणि खांबाला सॉकेट. काही ठिकाणी तो सॉकेट आपोआप चालू-बंद होत राहतो, वीज वाचावी म्हणून. घरी लोक टायमर लावतात, पहाटे तीनला हीटर सुरू, सातला गाडी तयार. तुम्ही टर्बाइन थंड असताना एकदम लोड देत नाही, आधी गरम करत आणता, अगदी तसंच. आणि हो, निघताना प्लग काढायचा असतो. मी एकदा विसरले. वायर फरफटत सिग्नलपर्यंत गेले, मागच्या म्हाताऱ्याने हॉर्न वाजवून वाजवून सांगितलं.

आता बाबा, तुमचा प्रश्न. दिवाळीत तुम्ही म्हणालात, "कर्ज काढून कॅनडाला गेलीस आणि शेवटी कोळशातच? आणि तो धूर पकडायचा प्रकार तर फसला म्हणतात." मी तेव्हा चिडले. चिडायला नको होतं. तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओत धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडायचे तीन वेगवेगळे प्रकल्प एकाच पातेल्यात घातलेत. साडेसातशे कोटी डॉलर गेले आणि शेवटी नुसत्या गॅसवर चालवायची वेळ आली, तो मिसिसिपीतला केम्पर. तिथे कोळशाचा आधी वायू करून मग जाळायचा होता, तो खेळ 2017 मध्ये सोडून दिला. 2020 मध्ये बंद ठेवला तो टेक्सासचा पेट्रा नोव्हा. तिथला पकडलेला वायू तेलाच्या विहिरीत ढकलून जास्त तेल काढत होते. तेलाचा भाव पडला, धंदा परवडेना. 2023 मध्ये तो पुन्हा सुरू झाला, हे व्हिडिओवाला सांगत नाही.

आमच्या गावाजवळचा बाउंडरी डॅम तिसरा. कोळशाच्या मोठ्या वीजकेंद्रावर हे करून दाखवणारा जगातला पहिला. ऑक्टोबर 2014 मध्ये सुरू झाला, खर्च साधारण दीडशे कोटी कॅनेडियन डॉलर. संच केवढा, माहितीय? कार्बन पकडून उरते ती वीज 110-115 मेगावॉट. आपल्या 500 च्या एका संचाच्या पावाइतकीही नाही. तुमच्या चंद्रपूर केंद्राच्या 2920 पुढे खेळणंच.

काम कसं चालतं ते तुम्हाला दोन ओळींत कळेल. धूर थंड करायचा, आधी गंधक काढून घ्यायचं (त्याचं सल्फ्युरिक ॲसिड होतं), मग अमाइन नावाच्या रसायनाच्या द्रावणातून न्यायचा. अमाइन कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं. दुसऱ्या टॉवरात वाफ देऊन ते सोडवायचं, वायू दाबून पाइपात घालायचा, अमाइन परत पहिल्या टॉवरात. वाफ टर्बाइनचीच, म्हणून वीज कमी होते.

आणि फसलं म्हणतात ते कुठे, ते ऐका. पहिल्या वर्षी निम्मा वेळही धड चाललं नाही. सगळे रसायनाकडे बघत होते, आणि नडली ती राख! ईएसपीतून, म्हणजे धुरातली राख विजेने ओढून घेणाऱ्या यंत्रातून, निसटलेली बारीक राख अमाइनमध्ये गेली. द्रावणाला फेस यायला लागला, हीट एक्स्चेंजरच्या पट्ट्या चोंदल्या, अमाइन ठरवल्यापेक्षा लवकर खराब होऊ लागलं. आणि धुवायचं तर सगळं बंद करा, कारण शेजारी दुसरा एक्स्चेंजर ठेवलाच नव्हता. पुढे जादा एक्स्चेंजर आणि बंद करायचे व्हॉल्व्ह बसवले, तेव्हा चालू ठेवून धुता यायला लागलं. तुम्ही म्हणाल, "हे तर मी पहिल्या दिवशी सांगितलं असतं." सांगितलंच असतं. स्टँडबाय पंप नसेल तर रात्रपाळीला बसणार नाही, असं साहेबाला तोंडावर म्हणणारे तुम्हीच.

माझं काम त्या अमाइनचे नमुने तपासायचं, एका कंत्राटी कंपनीकडून. ताजं अमाइन पाण्यासारखं असतं. खराब होत गेलं की फिकट पिवळं, मग कोऱ्या चहासारखं. फिल्टर उघडला की आत तीच करडी, पिठासारखी राख, आपल्या ऊर्जानगर वसाहतीत तू वाळत घातलेल्या चादरींवर बसायची ना आई, तशीच. पहिल्यांदा पाहिली तेव्हा हातमोज्यातल्या बोटाने उगाच घासून बघितली.

बरं, मी काही वकिली करत नाही. वर्षाला दहा लाख टन पकडायचा बेत होता, आणि एकूण 50 लाख टनांवर पोचायला 2023 उजाडलं. 2021 मध्ये कॉम्प्रेसर गेला तेव्हा महिनोन्‌महिने खोळंबा. बहुतेक वायू वेबर्नच्या तेलक्षेत्रात जातो, उरलेला तीन किलोमीटरहून खोल वालुकाश्मात पुरतात. शेजारच्या संच 4 आणि 5 ला हे बसवायचं नाही, असं 2018 मध्येच ठरलं, गॅस स्वस्त पडतो म्हणून. आणि तुम्ही म्हणता तसं आपल्याकडे आणलं तर? मध्य प्रदेशात विंध्याचलला 2022 पासून दिवसाला 20 टनांचा प्रयोग चालू आहे. पण आपल्या कोळशात राख 40 टक्क्यांच्या घरात, आणि धूर थंड करायला पाणी लागतं. 2010 चा उन्हाळा आठवा. केंद्राला पाणी देणारी इरई आटली, संच बंद पडले, तुम्ही दुपारी घरी येऊन काही न बोलता बसला होतात. तेव्हा मला मनातून आनंद झाला होता, बाबा घरी आहेत म्हणून.

म्हणजे नोकरी बुडणार का? नाही. केंद्राच्या कायद्यात 2030 पासून कार्बन पकडल्याशिवाय कोळशाची वीज चालणार नाही असं आहे, म्हणून आमची गरज राहील असं मला वाटतं. माझं कंत्राट सध्या मार्चपर्यंत आहे, पण वाढवतात. नेहमी वाढवतात.

पैशाचं. या महिन्यात 50 हजार पाठवलेत. त्यातले 30 बँकेच्या हप्त्याचे, बाकीचे कानाच्या मशीनचे. किराण्यात घालू नका, आई, मला कळतं. अक्षयच्या लग्नाच्या हॉलची उरलेली रक्कम मी एप्रिलमध्ये देते. व्याह्यांपुढे त्याचा विषय काढू नका.

साखरपुड्याला आले नाही त्याबद्दल मावशी बोलली, ते कळलं. बोलू दे. मी लग्नाला येते आहे. तिकीट अजून काढलं नाही, कारण इथला शटडाउन, म्हणजे दुरुस्तीसाठी संच बंद ठेवणं, नेमका मेमध्येच धरलाय आणि रजेवर सही व्हायची आहे. पण येते आहे. पाहुण्यांना तसं सांगून टाका. अमरावतीच्या स्थळाचा फोटो पाहिला. मुलगा चांगला आहे. धाकट्याचं आधी होतंय म्हणून लोक विचारत असतील, तर सांगा की मीच थांबा म्हटलंय. खरंही तेच आहे. त्यापुढचं मी आल्यावर बोलू, आणि आई, फक्त तुझ्याशी.

तिळगूळ मिळाले. पोचेपर्यंत दगड झाले होते, चहात बुडवून खाल्ले.

तुमची,
मनू

ता. क. मशीन घ्यायला डॉक्टरांकडे जाल तेव्हा आईला बरोबर न्या. तुम्ही तिथेही "हो, हो" म्हणून परत याल.