आईच्या पाठीतल्या मशीनबद्दल

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, पैशाचं पाहू नका, आईच्या पाठीत ते दुखणं दाबायचं मशीन बसवून टाका." मी नुसतं हं हं केलं, कारण आई बाजूलाच तूर निवडत बसली होती. म्हणून लिहितो.

आधी एक गोष्ट, जी तुला कधी सांगितली नाही. आईच्या मणक्याच्या ऑपरेशनची घाई मी केली होती. डॉक्टर म्हणत होते, अजून थोडे दिवस गोळ्यांवर पाहू. पण कापूस वेचणीला येत होता, आणि ती लवकर उभी राहावी असं मला वाटलं. कंबर मोकळी झाली, पण डाव्या पायातली आग वाढली ती वाढलीच. चार वर्षं झाली. या खेपेला मी कचरतो तो त्यामुळे.

तू दिवाळीत दोन दिवस पाहतेस. रात्री पावलाला वाकळ नुसती लागली तरी ती कळवळते. मी टोमॅटोच्या कॅरेटची एक बाजू करवतीने कापली. झोपताना पाय त्याच्या आत, वाकळ वरून. गेल्या थंडीत अशीच झोपली. गोळी वाढवली की दिवसभर गुंगी. एकदा चुलीसमोर बसल्या बसल्या डुलकी लागली, तेव्हापासून सकाळची गोळी ती पदरात लपवते. मला माहीत आहे, पण मी बोलत नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. बोटाला मार लागला की आपण ते चोळतो आणि कळ जरा दबते ना, तसं काहीसं. मज्जारज्जूच्या बाहेरच्या बाजूला बारीक तारा सोडतात, त्यांतून हलका करंट जातो आणि दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचता पोचता मंद होतो. १९६७ साली अमेरिकेत पहिल्यांदा केलं म्हणे, म्हणजे माझ्या लग्नाच्याही आधीचं. नस मात्र यानं दुरुस्त होत नाही. मशीन बंद केलं की दुखणं परत तिथंच.

मला पटलं ते एवढंच, की आधी चाचणी असते. सुईने तारा घालतात, बॅटरी बाहेर कमरेला, आणि आठवडाभर पाहायचं. दुखणं निम्म्याने तरी कमी झालं तर पुढे जायचं, नाही तर तारा ओढून घ्यायच्या. डॉक्टरांनी विचारलं, दहापैकी किती दुखतं? आई म्हणाली, "ते मले नाही समजत. वाकळ घेऊन झोपता आलं पाहिजे." हेच माप धरू.

चाचणी जमली तर बॅटरी कातडीखाली, कुल्ल्याच्या वर बसवतात. बिनचार्जिंगची घेतली तर काही वर्षांनी ती संपते आणि बदलायला पुन्हा चिरफाड. चार्जिंगची जास्त टिकते, पण चार्जर कमरेला लावून तासभर बसावं लागतं, आणि आपल्या गावची लाईन तुला माहीतच आहे. त्यावर इन्व्हर्टर घेऊ, ते मोठं नाही. मला भीती जंतुसंसर्गाची आहे. तो झाला तर सगळं काढावं लागतं, आणि आईची शुगर अजून ताब्यात नाही. ती खाली आल्याशिवाय चाचणीलासुद्धा डॉक्टर हात लावणार नाहीत.

शिवाय तारा हलू नयेत म्हणून पुढचे काही आठवडे वाकायचं नाही, वळायचं नाही, वजन उचलायचं नाही. आपली आई! झाडू लपवावा लागेल. निंदणाच्या दिवसांत तर तिला वावरापासून दूर ठेवणं माझ्याच्याने होणार नाही.

खर्च दहा लाखांच्या वर सांगितला. नाल्याकाठचे दोन एकर विकायचा विचार माझ्या डोक्यात आला होता. आईला कळलं तर दोन दिवस बोलणार नाही. तू कर्ज काढू नकोस. चाचणीपुरते पैसे आहेत माझ्याकडे. तिचा निकाल येईपर्यंत जमिनीचंही नाही आणि कर्जाचंही नाही, एवढं माझं ऐक.

आणि तिला आग्रह करू नकोस. एकदा मी केला.

तुझ्याकडून एवढंच हवं. चाचणीचा आठवडा ठरला की रजा काढून ये. रात्री किती वेळा उठली, किती पावलं चालली, गोळी घेतली की नाही, हे वहीत लिहायला कुणी तरी पाहिजे. मी लिहिलं तर मला जे व्हावंसं वाटतं तेच लिहीन.

येताना मऊ तळाची, पुढून उघडी चप्पल आण. डावी एक नंबर मोठी लागते, म्हणून दोन जोड घ्यावे लागतील.

तुझे,
बाबा