बीआरटी (बससाठी राखीव जलद मार्ग) स्थानकावर बस फलाटापासून दूर उभी राहत असल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक (संचालन),
बस व चालक पुरवठादार कंपनी, पुणे

विषय : सांगवी फाटा ते किवळे बीआरटी मार्गावर बस फलाटाला लागून उभी केली जात नसल्याबाबत.

महोदय,

मंगळवारी सकाळी जगताप डेअरी स्थानकावर आपल्या कंपनीच्या बसमध्ये चढताना माझ्या आईच्या काठीचे टोक फलाट आणि बस यांच्यामधल्या फटीत गेले व तिचा तोल सुटला. मागच्या प्रवाशाने दंड धरला म्हणूनच ती पडली नाही. बस फलाटापासून वीतभर लांब उभी होती, आणि आई सावरण्याआधीच चालकाने गाडी हलवली.

२००६ मध्ये कात्रज–स्वारगेट मार्गाने देशात बीआरटीची सुरुवात झाली आणि २०१५ मध्ये आमचा मार्ग खुला झाला. रस्त्याच्या मधोमध स्थानके, बसला उजवीकडे दारे आणि बसच्या तळाच्या उंचीचा फलाट, हा सारा खर्च पायरी न चढता सरळ आत जाता यावे यासाठीच झाला आहे. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांच्या कडेवर मूल आहे किंवा जे चाकाच्या खुर्चीवर आहेत, त्यांच्यासाठी ती वीतभर फट ओलांडणे साध्या थांब्यावरची पायरी चढण्यापेक्षाही कठीण आहे, कारण पायरीवर निदान पाय टेकायला जागा असते. ब्राझीलमधील कुरिचिबा शहरात बसमधून फलाटावर फळी टेकवली जाते व मगच प्रवासी पाऊल टाकतात. तशी सोय आपल्या गाड्यांना नाही, म्हणून आपल्याकडे सगळा भार चालकाच्या कौशल्यावर येतो.

काही चालक गाडी अगदी अलगद फलाटाला लावतात, हे मी आवर्जून नमूद करते. म्हणजे हे जमण्यासारखे आहे. बाकीच्यांना ते नीट शिकवलेले नाही किंवा वेळापत्रकाच्या घाईत त्यांना तेवढी उसंत मिळत नाही, असे मला वाटते. तसे असल्यास दोष एकट्या चालकाचा नाही, आणि केवळ त्याच्यावर दंड लावून हे प्रकरण मिटवू नये, अशी माझी विनंती आहे. स्थानकाची सरकती दारे कित्येकदा उघडीच असतात व गर्दी फलाटाच्या कडेला उभी राहते. ती देखभाल आपल्याकडे नसली, तरी अशा ठिकाणी गाडी लावताना अधिक जपायला हवे.

चालकांना या मार्गावर प्रत्यक्ष सराव द्यावा, प्रवासी पूर्ण आत आल्याशिवाय गाडी हलवू नये अशी सक्त सूचना द्यावी आणि केलेल्या कार्यवाहीचे लेखी उत्तर मला पंधरा दिवसांत मिळावे. बसचा क्रमांक, वेळ व तिकिटाची प्रत सोबत जोडली आहे.

आपली विश्वासू,
एक नियमित प्रवासी