गॅटीला आत घेतले, मग वॉर्ड बाहेर का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पुरवणीतला आर्तुरो गॅटीवरचा लेख वाचला. त्याच्या लढतींचे वर्णन लेखकाने अगदी मन लावून केले आहे. मात्र एवढ्या लोकप्रिय आणि थरारक बॉक्सरला अमेरिकेतल्या कॅनस्टोटा गावच्या बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर बॉक्सरांच्या सन्मान-दालनात, जागा मिळाली हे योग्यच झाले, हा लेखाचा सूर मला पटला नाही. गॅटीच्या लढती मीही श्वास रोखून पाहिल्या आहेत. आजही एखादी लागली की हातातले काम बाजूला पडते. तरीही माझे स्पष्ट मत आहे की 2013 मध्ये त्याची ज्या घाईने निवड झाली, ती व्हायला नको होती.

आधी नोंदी पाहू. 40 विजय, 9 पराभव, 31 नॉकआऊट. डिसेंबर 1995 मध्ये ट्रेसी हॅरिस पॅटरसनला हरवून त्याने सुपर फेदरवेट गटाचे आयबीएफ (विश्वविजेतेपद देणाऱ्या संघटनांपैकी एक; डब्ल्यूबीसी आणि डब्ल्यूबीए याही तशाच) विजेतेपद मिळवले आणि ते तीनदा राखले. 2004 मध्ये रिकामे झालेले डब्ल्यूबीसीचे 140 पौंडांचे विजेतेपद जिंकले आणि दोनदा राखले. वाईट मुळीच नाही. चांगला, दमदार विश्वविजेता. पण त्याच्या काळातले खरोखर महान बॉक्सर समोर आले तेव्हा काय झाले? 2001 मध्ये ऑस्कर दे ला होयाने त्याला पाचव्या फेरीत संपवले. 2005 मध्ये फ्लॉइड मेवेदरपुढे तो इतका हतबल होता की सहावी फेरी संपताच त्याच्या कॉर्नरनेच, म्हणजे रिंगबाहेरच्या त्याच्या प्रशिक्षक-मदतनीसांनीच, लढत थांबवली. त्या सहा फेऱ्यांमधली एकही त्याने जिंकली असे म्हणायला मन धजत नाही. 1998 मध्ये तर तो लागोपाठ तीन लढती हरला. एक एंजल मॅनफ्रेडीशी आणि दोन आयव्हन रॉबिन्सनशी. यातले कोणते पान त्याला कॅनस्टोटाला घेऊन गेले?

उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला तिथे नेले ते अमेरिकन बॉक्सर मिकी वॉर्डबरोबरच्या तीन लढतींनी. माझी खरी हरकत इथेच सुरू होते.

18 मे 2002 ची पहिली लढत, तिची नववी फेरी. फेरी सुरू होऊन काही क्षण झाले असतील, वॉर्डचा डावा हूक गॅटीच्या बरगड्यांखाली, थेट यकृतावर बसला. गॅटी गुडघ्यावर गेला. चेहरा असा वेडावाकडा झाला की हा आता उठत नाही असेच वाटावे. तो उठला. वॉर्डने त्याला दोरांशी गाठून झोडपले. मग ठोसे मारून मारून वॉर्डचेच हात जड झाले आणि गॅटी उलटून तुटून पडला. शेवटी पुन्हा वॉर्ड. रेफरीने लढत थांबवली असती तरी कोणी चकार शब्द काढला नसता. तीन मिनिटांत पारडे इतक्यांदा फिरलेले मी दुसऱ्या कुठल्या फेरीत पाहिलेले नाही.

आणि ती लढत जिंकली कोणी? वॉर्डने. एका परीक्षकाने बरोबरी दिली, उरलेल्या दोघांनी वॉर्डच्या बाजूने कौल दिला. पुढच्या दोन लढती गॅटीने गुणांवर घेतल्या. तिसरीत तर चौथ्या फेरीत त्याचा उजवा हात मोडला, सहाव्या फेरीत तो खाली गेला, तरीही जिंकला. या पराक्रमाला मी मनापासून सलाम करतो. पण टाळी एका हाताने वाजत नाही. त्या तीन रात्रींतली निम्मी हिंमत, निम्मे रक्त वॉर्डचे होते. वॉर्डने त्या तिसऱ्या लढतीनंतर 2003 मध्येच हातमोजे उतरवले. म्हणजे निवडीसाठी तो गॅटीच्या आधी पात्र झाला होता. तरी 2013 मध्ये बोलावणे आले ते गॅटीला. मतदारांना जर नोंदीच बघायच्या होत्या, तर गॅटीची पाळी इतक्या लवकर येत नाही. आणि थरार बघायचा होता, तर वॉर्डला वगळायला कारण उरत नाही.

एक गोष्ट चाहत्यांच्या बोलण्यात कधीच येत नाही. त्या तिन्हींपैकी दुसऱ्या लढतीत गॅटी सर्वात चांगले बॉक्सिंग खेळला. प्रशिक्षक बडी मॅकगर्टच्या सांगण्याप्रमाणे जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) मारायचा, बाजूला सरकायचा, समोर उभे राहून मार खायचा नाही. तिसऱ्या फेरीत उजव्या ठोशाने वॉर्डला खाली पाडले आणि नंतर बऱ्यापैकी सहज जिंकला. पण त्या लढतीची आठवण कोण काढतो? पहिलीची काढतात, तिसरीची काढतात, कारण त्यांत तो मार खात होता. 1996 मध्ये विल्सन रॉड्रिगेजविरुद्ध डोळे सुजून जवळजवळ मिटले असताना सहाव्या फेरीत त्याने नॉकआऊट केले, तेही सगळ्यांना तोंडपाठ आहे. लोकांना आवडलेला गॅटी म्हणजे बचाव विसरलेला गॅटी. बचाव ही बॉक्सिंगची अर्धी विद्या आहे. ती नसण्याबद्दलच आपण या माणसाला मोठे करतो, याचे मला खरोखर वाईट वाटते.

फेब्रुवारी 2000 मध्ये न्यूयॉर्कला झालेली जोई गमाशविरुद्धची लढत आपल्या लेखात नाही. ठरलेले वजन होते 141 पौंड. वजन आदल्या दिवशी झाले. लढतीच्या रात्री एचबीओ या टीव्ही वाहिनीच्या काट्यावर गॅटी 160 भरला आणि गमाश 145. दुसऱ्या फेरीत गमाश असा कोसळला की त्यानंतर तो पुन्हा रिंगमध्ये उतरला नाही. आदल्या दिवशीचे वजन नीट झाले होते की नाही यावर पुढे वर्षानुवर्षे कोर्टकचेरी झाली. सगळा दोष गॅटीच्या माथी मारावा असे मी म्हणत नाही. पण एखाद्याची थोरवी ठरवताना ही रात्र पानांआड दडवता येणार नाही.

आता घाईबद्दल. त्या वेळच्या नियमाप्रमाणे निवृत्तीनंतर पाच वर्षे झाली की बॉक्सर पात्र ठरत असे. गॅटी शेवटचा लढला जुलै 2007 मध्ये. म्हणजे पहिल्याच संधीला तो आत. त्याच वर्षी त्याच्या बरोबर निवड झाली दक्षिण कोरियाच्या म्युंग-वू यू याची. हा माणूस किती जणांना माहीत आहे? 1985 मध्ये लाइट फ्लायवेटचे डब्ल्यूबीए विजेतेपद घेतले आणि सलग 17 वेळा राखले. कारकिर्दीत 38 विजय आणि एकच पराभव, जपानच्या हिरोकी इओकाकडून, तोही गुणांवर. पुढच्याच वर्षी इओकाला हरवून विजेतेपद परत आणले, एकदा राखले आणि 1993 मध्ये निवृत्त झाला. त्याला कॅनस्टोटाचे दार उघडायला वीस वर्षे लागली! त्याच गटात डब्ल्यूबीसीचा विजेता असलेल्या चांग जुंग-कू याच्याशी तो कधी लढला नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण तो गृहीत धरूनही यूने वीस वर्षे ताटकळावे आणि गॅटीने सरळ आत जावे, हे कुठल्या न्यायात बसते?

कारण साधे आहे. मतदारांत अमेरिकेतल्या बॉक्सिंग लेखकांचा मोठा भरणा असतो. त्यांनी गॅटीला अटलांटिक सिटीत रिंगच्या कडेला बसून पाहिले होते. यूच्या बहुतेक लढती कोरियात झाल्या. शिवाय 2009 मध्ये ब्राझीलमध्ये अवघ्या 37 व्या वर्षी गॅटी गेला, त्याची हळहळ मतपत्रिकेवर उतरली नसेल असे मला वाटत नाही. हळहळ मलाही आहे. ती निकष होऊ शकत नाही, एवढेच.

गॅटीने अटलांटिक सिटीतला बोर्डवॉक हॉल भरवला, टीव्हीपुढे लोक खेचून आणले, ही खेळाची सेवाच होती, असे त्याचे पाठीराखे म्हणतात. मान्य. पण प्रेक्षक आणणाऱ्या प्रवर्तकांसाठी तिथे वेगळा विभाग आहे. बॉक्सरच्या विभागात त्याने कोणाला हरवले हेच बघायला हवे. नाहीतर एकदा सैल झालेले दार सैलच राहते. 2025 मध्ये बॉक्सर विनी पाझ आत आला. मोडलेल्या मानेतून सावरून तो पुन्हा लढला, त्या जिद्दीपुढे कोणीही नतमस्तक होईल. पण एकेकाळचा महान विश्वविजेता रॉबर्टो डुरान याच्यावरचे त्याचे जे दोन विजय मिरवले जातात, ते चाळिशी ओलांडलेल्या डुरानवरचे आहेत.

माझी सूचना अशी की कॅनस्टोटात लढतींसाठी स्वतंत्र दालन असावे. दर वर्षी एक लढत निवडावी, दोन्ही बॉक्सरना एकत्र बोलवावे आणि दोघांची नावे एकाच पाटीवर कोरावीत. पहिला मान गॅटी-वॉर्डला द्यायला माझी काहीच हरकत नसेल. गॅटीचे बॉक्सरच्या यादीतले नाव आता कोणी पुसणार नाही, आणि पुसावे असे मला वाटतही नाही. पण पुढच्या मतदानाला बसणाऱ्यांनी यूसारख्या रांगेत खोळंबलेल्यांकडे आधी बघावे.

आपल्या पुरवणीने गॅटीला अर्धे पान दिले. तेवढीच जागा एकदा म्युंग-वू यूलाही द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक